भाकरीला टाळ्या किती?

मिरज

प्रिय बाळा,

परवा फोनवर तू विचारलंस ते डोक्यातून जाईना. फोनवर सांगून भागणार नाही म्हणून लिहायला बसले. रुजू होऊन तुला दोन महिने झालेत. पहिली-दुसरी एकत्र, पट 23. दुसरे गुरुजी तिसरी-चौथी सांभाळून मुख्याध्यापकाचे कागदही बघतात. कपाटात बाजाची पेटी आहे, तिची किल्ली सापडते, पण पेटी तुला येत नाही. "बाई, मला सारेगमसुद्धा धड येत नाही, मग कलेच्या तासाला मी करू काय?" असं तू म्हणालास. आवाजात लाज होती. ती लाज आधी काढून टाक. आंतरवासितेला माझ्या वर्गात होतास तेव्हा मधल्या सुट्टीत पोरांबरोबर बाकावर ठेका धरायचास. मी दारातून बघायचे. ज्याला ते जमतं, त्याला पहिलीच्या पोरांबरोबर सुरुवात करायला पेटीची गरज नाही.

पेटी कपाटातच राहू दे. आधी आठवडाभर मधल्या सुट्टीत पोरं एकमेकांना लांबून कशी हाका मारतात ते ऐक. मैदानाच्या ह्या टोकावरून त्या टोकाला मारलेली हाक जवळजवळ नेहमी दोन सुरांची असते. पहिला वरचा, दुसरा थोडा खालचा. पेटीवर शोधलंस तर प आणि ग सापडतील. हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. हंगेरीत झोल्तान कोदाय नावाचा संगीतकार होऊन गेला (1882–1967). त्याच्या विचारातून तयार झालेल्या पद्धतीत लहान मुलांची सुरुवात याच दोन सुरांपासून होते, आणि पुढचा सगळा भर मुलांच्या आपल्या लोकगीतांवर असतो. आपल्याकडं ती लोकगीतं विकत आणायला लागत नाहीत, हे तुला माहीतच आहे.

तर हजेरी गाऊन घे. नाव दोन सुरांत घ्यायचं आणि पोरानं त्याच दोन सुरांत "हजर" म्हणायचं. 23 पोरांना चार मिनिटं लागतात. यात एक अडचण येणार, ती आत्ताच सांगते. तुझा आवाज खाली आहे, पेटीवरच्या काळी एक पट्टीच्या आसपास. तू तिथं गायलास की पोरं तुझी नक्कल करत घशातून घोगरं काढतील आणि तुला वाटेल यांना सूरच नाही. सूर आहे, तो तुझ्यापेक्षा बराच वर आहे. मोबाईलवर तानपुरा लाव, त्याहून वरची काळी पाच पट्टी धर, आणि तुझ्या तार सप्तकात, म्हणजे वरच्या सुरांत, हलक्या आवाजात नाव घे. नाहीच जमलं तर वर्गातल्या एखाद्या मुलीला नावं घेऊ दे, तू मागून टाळी दे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुणाचा सूर चुकला तरी दुरुस्त करू नकोस. ज्याला गायचं नाही त्यानं बाकावर दोन टिचक्या मारल्या तरी तो हजरच.

हे मी इतकं ठासून का सांगते, ते ऐक. माझ्या नोकरीच्या पाचव्या की सहाव्या वर्षी स्नेहसंमेलनासाठी समूहगीत बसवत होते. दुसरीतला एक मुलगा जोरात गायचा आणि सुराबाहेर जायचा. मी त्याला जवळ बोलावून, अगदी गोड बोलून सांगितलं, "तू नुसते ओठ हलव हं." त्यानं मान डोलावली. कार्यक्रम झाला, टाळ्या पडल्या. फेब्रुवारीत एकदा वर्ग तेराचा पाढा म्हणत होता आणि मी बाकांमधून फिरत होते. त्याच्याजवळ आले तर आवाज नाही. पाढ्यालाही तो ओठच हलवत होता. कवितेलाही. दोन महिने तो तसाच बसला होता आणि मला कळलंही नव्हतं. मी त्याची माफी मागितली, पण सात वर्षांच्या पोराला बाईंनी माफी मागितलेली समजत नाही, तो घाबरूनच गेला. वर्ष संपेपर्यंत त्याचा आवाज पूर्ववत झाला नाही. त्यानंतर मी कुठल्याच पोराला हे वाक्य बोलले नाही, तूही बोलू नकोस. पुढच्या रांगेत चांगले गळे आणि मागं उरलेले, अशी उभी राहण्याची पद्धतही तुझ्या वर्गात येऊ देऊ नकोस.

आता भाकरीचं. फोनवर तू सांगितलंस की दुसरीतली मुलं "भाकरी" हा शब्द "भाक्री" असा लिहितात आणि तू तो दहा वेळा लिहायला लावलास. माझ्या वर्गात काय झालं होतं ते वाच. आम्ही शब्दांना टाळ्या वाजवायचो, तोंडातून जितके ठोके निघतात तितक्या टाळ्या. "पाटी"ला दोन, "वही"ला दोन. मग एकानं "भाकरी" घेतली. अर्ध्या वर्गानं दोन टाळ्या वाजवल्या, अर्ध्यानं तीन, आणि भांडण लागलं. तीनवाले म्हणाले, अक्षरं तीन आहेत. दोनवाल्यांतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "आई भाकरी वाढते तेव्हा दोनच असतात." मी निकाल दिला नाही. तिला म्हटलं, आई कशी म्हणते ते म्हणून दाखव. तिनं म्हटलं, भाक-री. मग तीनवाल्यांना म्हटलं, आता तुम्ही म्हणा, पण आजी बाळाला शिकवते तसं. भा-क-री. दोन्ही बरोबर निघाली. घाईत बोललं की "क" मागच्याला चिकटतो, सावकाश बोललं की सुटा होतो. त्या दिवशी पोरांनी घरची सगळी भांडीकुंडी, सगळी नावं टाळ्यांत मोजून काढली. "घर" लिहिताना दोन अक्षरं, टाळी एकच. "कारखाना" लिहिताना चार, टाळ्या तीन.

"भाक्री" लिहिणाऱ्या पोराचा कान चोख आहे, हे यातून तुझ्या लक्षात यावं. त्यानं ऐकलं तेच लिहिलं. त्याला फक्त एवढंच कळायचं बाकी आहे की आपण लिहितो ते सावकाश बोलण्याला धरून. दहा वेळा लिहून ते कळत नाही, दोन तऱ्हेनं टाळ्या वाजवून कळतं. 2021 पासून निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानातल्या चाचण्यांचं दडपण सगळ्या प्राथमिक शिक्षकांवर आहे, तुझ्यावरही असणार. मला एका तपासणीत विचारलं होतं, "बाई, या टाळ्यांचा वाचनाशी काय संबंध?" मी पोरांना उभं केलं आणि हाच खेळ दाखवला. साहेबांनी स्वतः "साखर"ला टाळ्या वाजवल्या, दोन. मग वहीत लिहून बघितली, अक्षरं तीन. पुढं काही बोलले नाहीत, पण तासभर बसून राहिले.

तुझा वाळवा तालुका. रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव तिथले, वाटेगावचे अण्णा भाऊ साठे तिथलेच. म्हणजे ज्या मातीत तू शिकवतोस तिथं डफ आणि हलगी हे काही पाहुणे नाहीत. तरी बघ, ज्या घरात हलगी वाजते त्या घरातलं पोर शाळेत तिचं नावसुद्धा काढत नाही. का काढत नाही, ते तुला मी सांगायला नको. गावात हलगी कुणी वाजवायची हे जातीनं ठरवलेलं असतं, आणि पोराला ते सहाव्या वर्षीच समजलेलं असतं. म्हणून त्याच्या वडलांना शाळेत बोलाव. पण मिरवणुकीला बोलावतात तसं नको. गुरुजी म्हणून बोलाव, खुर्ची दे, सगळ्यांसमोर नमस्कार कर. हलगी शेकून कातडं कसं ताणतात, शेकण्याआधी आवाज कसा बसका असतो आणि नंतर कसा कडक होतो, डाव्या हातातली बारीक काडी काय करते आणि उजव्या हातातली टिपरू काय करते, हे त्यांना सांगू दे. विज्ञानाचा तास त्यातच होतो. त्यांच्या पोराचा चेहरा मात्र तू आपणहून बघ, त्यावर वर्गात काही बोलू नकोस.

हादगा येईल. आपल्याकडं तो मुलींचाच मानतात, तू मुलांनाही फेरात घे. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत जातं आणि शेवटी खिरापत ओळखायची. गाणी बायकांकडून शीक, स्वयंपाकाच्या मावशींना विचार, त्यांना तुझ्यापेक्षा पन्नास जास्त येत असतील. ज्या गाण्यांत ओळीला ओळ जोडत जायची असते तिथं थांबायचं आणि पुढची ओळ पोरांना घालायला लावायची. पहिले दोन दिवस सगळे चिवडा आणि चिक्की घालतील. तिसऱ्या दिवशी कुणीतरी ट्रॅक्टर घालेल, कुणी पाण्याची पाळी, कुणी आजारी म्हैस. वजनात बसत नसेल तर पोरंच ओरडतील, "मावत नाही!" मग दुसरा शब्द शोधतील. कविता शिकवण्याचा याहून चांगला तास मला आयुष्यात जमला नाही.

दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतील, त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतील, आणि तुझ्या वर्गात पाचसहा नवी पोरं येतील, कदाचित मधूनच. भाषा आणि गणितात ती कुठं आहेत हे कळायलाच महिना जातो. गाण्याच्या हजेरीत मात्र मागं पडायला काही नसतं. आल्या दिवसापासून ती वर्गात असतात. त्यांच्याकडची गाणी आवर्जून घे. बीडकडच्या एका मुलीनं माझ्या वर्गात जात्यावरची ओवी म्हटली होती, चाल आमच्यापेक्षा वेगळी आणि शेवटचा सूर लांब ओढलेला. ती पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, निघून गेली. ती चाल पुढची दोन वर्षं वर्गात राहिली.

एकदा पोरांना मिरजेला घेऊन ये. सतारमेकर गल्लीत मी आधी सांगून ठेवीन. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात फरीदसाहेबांनी इथं तंतुवाद्यं घडवायला सुरुवात केली. हे घराणं शिकलगारांचं, आधी हत्यारांना धार लावायचं. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. हे सगळं तू त्यांना सांगशील, पण ते ऐकणार नाहीत आणि त्यात काही वावगं नाही. त्यांना जवारी लावताना, म्हणजे तारेला गुंजणारा आवाज आणताना, बघू दे. कारागीर कानशीनं घोडी इतकीशी घासतो, तार छेडतो, ऐकतो, परत घासतो. मग तारेखाली सुती दोरा सरकवतो, केसभर पुढं, केसभर मागं. एका जागी अचानक आवाज उमलतो. आमची तिसरीची पोरं तिथं श्वास धरून बसली होती. बाहेर आल्यावर वाद सुरू झाला की आवाज कशात होता, तारेत, भोपळ्यात की दोऱ्यात. मी गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी वर्गात तेलाचे डबे, नारळाच्या करवंट्या, वडलांच्या मोटारसायकलची तार, रबर, आईच्या शिवणाचा दोरा, असा सगळा बाजार भरला. दोन आठवडे पोरं डब्यांवर तारा बांधून दोरा सरकवत होती. बहुतेक डब्यांतून खरखर निघाली. एका करवंटीतून बरं काही निघालं, तेव्हा ती सगळ्यांनी पाळीपाळीनं कानाला लावली. आलास की दर्ग्यातही जाऊन ये. उरुसात गायक-वादक आजही तिथं मीरासाहेबांपुढं सेवा देतात. 1937 साली वारलेले किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब याच मिरजेत राहिले.

स्नेहसंमेलनाबद्दल तुला फार सांगत नाही. गावाला मोठा आवाज हवा असतो, वर्गणी त्यांची असते, भांडू नकोस. मोबाईलवरच्या गाण्यांवर दोन नाच होऊ देत. तिसरा कार्यक्रम पोरांनी स्वतः जोडलेल्या ओळींचा ठेव. डिसेंबरचे सगळे तास मात्र तालमीला देऊ नकोस.

नोंदवहीत "सुरात गातो", "गायनाची आवड आहे" असलं लिहून पान भरू नकोस, ते कुणालाही लागू पडतं. त्या दिवशी बघितलं ते लिही. "आज टिचक्यांऐवजी पहिल्यांदा नाव गायलं." "लेझमीचा चौथा ठोका उशिरा पडतो हे स्वतः ओळखलं." जून ते एप्रिल अशा सातआठ ओळी एका पोराच्या नावापुढं झाल्या तरी पुष्कळ.

पुढच्या रविवारी इकडं ये. ती पेटी घेऊनच ये. इतकी वर्षं बंद आहे म्हणजे भाता उंदरांनी खाल्ला असेल, सूर धुळीनं बसले असतील. इथं ओळखीचा माणूस आहे, बघून देईल. आणि येईपर्यंत आठवडाभर पोरांच्या हाका ऐकून ठेव. त्या दोन सुरांतला वरचा कुठल्या पट्टीत पडतो ते आपण तुझ्याच पेटीवर शोधू.

तुझी
बाई