परदेशी फोनचे कंपन्यांमधले रेट सरकारनं कशाला ठरवायचे? कंपन्या आपापसात ठरवतील की

तुमचा दादा दुबईत, तुम्ही निपाणीत, आणि तुम्ही विचारलंय की त्याला फोन लावला की बॅलन्स भराभर का उडतो, कंपन्या-कंपन्यांतला रेट ठरवायला मध्ये सरकार कशाला पाहिजे, आणि दादाचा फोन कधीकधी चक्क इथल्याच दहा आकडी नंबरवरून कसा काय येतो. तिन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे म्हणून एकत्रच सांगतो. मी बेळगावचा, बरीच वर्षं पुण्यात एका टेलिकॉम कंपनीच्या इंटरकनेक्ट बिलिंगमध्ये होतो. म्हणजे महिनाअखेरीस दुसऱ्या कंपन्यांनी आमच्या नेटवर्कवर किती मिनिटं टाकली, आम्ही त्यांच्याकडं किती टाकली, आणि कुणी कुणाचे किती द्यायचे, हे जुळवायचं काम. त्यामुळं हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी पैसा कुठून कुठं जातो ते बघा. आपल्याकडं फोन लावणारा पैसे देतो, उचलणारा देत नाही. तुम्ही दुबईला फोन लावला की पैसे तुमची मोबाईल कंपनी घेते, पण कॉलचा शेवटचा टप्पा तिच्या नेटवर्कवर नसतोच, तो दादाच्या सिमवाल्या कंपनीच्या नेटवर्कवर असतो. कॉल तुमच्या कंपनीकडून इंटरनॅशनल लाँग डिस्टन्सवाल्याकडं, म्हणजे देशाबाहेर कॉल नेणाऱ्या कंपनीकडं जातो, मध्ये एखादा-दुसरा होलसेल कॅरियर, म्हणजे घाऊक मिनिटं नेणारा मध्यस्थ असतो, आणि मग तो दुबईच्या कंपनीकडं पोचतो. ती कंपनी म्हणते माझ्या गिऱ्हाइकापर्यंत कॉल नेऊन दिला, मिनिटाला इतके द्या. हाच टर्मिनेशनचा पैसा. तुमच्या बॅलन्समधून जे जातं त्यातला मोठा वाटा तिकडं जातो, तुमच्या कंपनीच्या खिशात सगळं राहत नाही.

आता तुमचा मुख्य मुद्दा, कंपन्या ठरवतील की. गोम इथंच आहे. दादाचं सिम एका कंपनीचं आहे, त्या नंबरपर्यंत पोचायला दुसरा रस्ता नाही. युएईत एतिसलात आणि डू अशा दोनच कंपन्या आहेत, पण दहा असत्या तरी काही फरक पडला नसता, कारण त्या एका नंबरपुरती ती एकच कंपनी मालक. बरं, तिनं रेट वाढवला तर चिडणार कोण, निपाणीतले तुम्ही. तुम्ही तिचे गिऱ्हाईक नाही. तिचं गिऱ्हाईक म्हणजे तुमचा दादा, त्याला येणाऱ्या कॉलचे पैसे पडत नाहीत, मग तो कंपनी कशाला बदलेल? ज्याच्या खिशातून जातं त्याच्या हातात काही नाही आणि ज्याच्या हातात आहे त्याच्या खिशातून काही जात नाही. अशा ठिकाणी बाजार आपोआप रेट खाली आणत नाही, म्हणून कुणीतरी वरून बघावं लागतं.

आपण सीमाभागातल्या माणसांनी तर हे देशातल्या देशात भोगलंय. बेळगाव कर्नाटक सर्कलमध्ये (सर्कल म्हणजे मोबाईल परवान्याचा टापू), शिनोळी महाराष्ट्र सर्कलमध्ये, माणूस कामाला रोज इकडून तिकडं, आणि शिनोळीच्या एमआयडीसीत पोचला की फोन रोमिंगवर. कोगनोळीच्या पुढं कागलकडं गेलं की तेच, येणाऱ्या कॉलला सुद्धा पैसे तुटायचे. घरात बसलेल्या माणसाच्या फोननं पलीकडचा टॉवर पकडला म्हणून पैसे गेले अशा तक्रारी तर रोजच्याच होत्या. ट्राय म्हणजे आपल्याकडची टेलिकॉम नियामक संस्था, तिनं २०१३ ला आणि परत २०१५ ला रोमिंगच्या दरांची कमाल मर्यादा खाली ओढली, पुढं स्पर्धा वाढली आणि तो प्रकार संपला. देशात हे करता आलं कारण दोन्ही बाजूच्या कंपन्यांवर एकाच ट्रायचा हुकूम चालतो. दुबईच्या कंपनीवर ट्रायचा हुकूम चालत नाही, म्हणून परदेशी कॉलचं गणित अवघड.

थोडं मागचं सांगतो, कारण सरकारांनी यात हात का घातला ते त्यातूनच कळतं. पूर्वी बहुतेक देशांत परदेशी फोनची एकच कंपनी असायची आणि ती बहुधा सरकारी, आपल्याकडं १९८६ पासून विदेश संचार निगम. दोन देशांच्या कंपन्या मिनिटाचा एक अकाउंटिंग रेट ठरवायच्या, त्याचा साधारण अर्धा म्हणजे सेटलमेंट रेट. महिन्याचा हिशेब काढायचा, ज्यानं जास्त मिनिटं पाठवली त्यानं फरकाचे पैसे द्यायचे. कागदावर एकदम न्याय्य वाटतं. पण इथून अमेरिकेला बोलायला मिनिटाला साठ-सत्तर रुपये पडायचे, तेव्हा इथून फोन करणार कोण? एसटीडी-आयएसडी बूथवर परदेशी कॉलचं मशीन असायचं, पण खानापूर, चंदगड भागातली बरीच माणसं ते लावायचीच नाहीत, तिकडून पोराचा फोन कधी येणार ते आधी पत्रात ठरवायचं आणि त्या वेळी जाऊन थांबायचं. असं नुसतं आपल्याकडं नव्हतं, सगळ्या गरीब देशांत होतं. म्हणजे मिनिटं सगळी अमेरिकेकडून, आखाताकडून इकडं, आणि सेटलमेंटचे डॉलर पण इकडं. विदेश संचारची मोठी कमाई हीच होती.

अमेरिकेच्या कंपन्यांकडून असे वर्षाला पाच अब्ज डॉलरच्या वर निव्वळ बाहेर जायला लागले तेव्हा त्यांच्या एफसीसीनं, म्हणजे तिथल्या ट्रायसारख्या संस्थेनं, ऑगस्ट १९९७ मध्ये हुकूम काढला. श्रीमंत देशांना मिनिटाला १५ सेंट, मधल्यांना १९ आणि कमी उत्पन्नाच्या देशांना २३ सेंट, यापेक्षा जास्त द्यायचं नाही, आणि तिथवर यायला देशाच्या परिस्थितीप्रमाणं मुदत. बाहेरच्या कंपन्या भडकल्या, कोर्टात गेल्या, की आमचा रेट ठरवणारे तुम्ही कोण. जानेवारी १९९९ मध्ये तिथल्या अपील कोर्टानं एफसीसीच्या बाजूनं निकाल दिला. एफसीसीचं म्हणणं साधं होतं, आम्ही तुमच्या कंपनीला काही सांगत नाही, आमच्या कंपनीला सांगतोय की इतक्यावर द्यायचे नाहीत. परक्या देशातल्या मक्तेदारीशी लढायचा हा एकच रस्ता असतो, आपल्या बाजूच्या माणसाचा हात धरायचा. त्यांचा आणखी एक जुना नियम होता, अमेरिकेच्या सगळ्या कंपन्यांनी एका देशाला एकच रेट द्यायचा, कारण तिकडची एकटी सरकारी कंपनी यांना एकमेकांवर झुंजवायची, तू जास्त दे नाहीतर तुझे कॉल घेत नाही. स्पर्धा वाढली तसा तो नियम सैल करत आणला आणि २०१२ ला क्युबा सोडून बाकी सगळीकडचा काढून टाकला.

त्या वेळी आपल्याकडं पुष्कळ लोक म्हणायचे की हा गरीब देशांवर अन्याय आहे, आपल्या खेड्यांतल्या फोनलाइनी त्याच पैशावर उभ्या राहतात. त्यात तथ्य होतं, मी ते नाकारत नाही. पण तो पैसा देत कोण होतं हेही बघा की. टॅक्सी चालवणारा, साइटवर गवंडीकाम करणारा, आपल्याच बायकापोरांशी बोलण्यासाठी पगारातून कार्ड घेणारा माणूस. गावातल्या फोनचा खर्च त्याच्याकडून मिनिटाच्या हिशेबानं काढणं मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

आपल्याकडं १ एप्रिल २००२ ला विदेश संचारची मक्तेदारी संपली, खाजगी कंपन्या आल्या आणि आयएसडी झपाट्यानं स्वस्त झालं. पण येणाऱ्या कॉलवर एक बोजा बसला, अॅक्सेस डेफिसिट चार्ज, म्हणजे खेड्यातल्या तोट्यातल्या लाइनींचा खर्च भरून काढायला लावलेली पट्टी. फेब्रुवारी २००४ पासून परदेशातून येणाऱ्या कॉलवर मिनिटाला ४ रुपये २५ पैसे, पुढच्या वर्षी ३ रुपये २५ पैसे, मार्च २००६ ला १ रुपया ६० पैसे, असं करत करत २००८ च्या सप्टेंबरअखेर ती संपली. या पट्टीनं काय केलं तर चोरवाट उघडली. परदेशातला कॉल इंटरनेटवरून आणायचा, इथं एखाद्या खोलीत मशीन लावून त्यात पन्नास-शंभर सिम घालायची, आणि तो कॉल त्या सिमवरून लोकल म्हणून सोडायचा. तुमच्या दादाचा फोन इथल्या नंबरवरून येतो तो बहुतेक असाच. दादाचा यात काही दोष नसतो, त्यानं स्वस्तातलं कार्ड किंवा अॅप घेतलेलं असतं, पुढं कॉल कुठल्या रस्त्यानं जातो ते त्याला कळतच नाही. आणि हे फक्त खोलीत मशीन लावणारेच करत होते असं नाही, त्या काळात एका मोठ्या कंपनीला परदेशी कॉल लोकल दाखवल्याबद्दल १५० कोटींचा दंड झाला होता.

बिलिंगमध्ये आम्हाला हे आकड्यांत दिसायचं. एखादं सिम दिवसभर नुसतं बाहेर कॉल करतंय, एकही कॉल येत नाही, एसएमएस नाही, जागचं हलत नाही, एकाच टॉवरला चिकटलेलं, की समजायचं हा माणूस नव्हे, मशीन आहे. मग ते सिम बंद करायचं, पण दुसऱ्या दिवशी नवीन सिम चालू. जोवर दोन रेटमध्ये फरक आहे तोवर हा धंदा मरत नाही.

पट्टी गेली तरी परदेशी कॉलचा टर्मिनेशन चार्ज राहिला, म्हणजे आपल्या मोबाईल कंपनीला आत येणाऱ्या परदेशी कॉलमागं मिळणारे पैसे. ट्राय ठरवते ते हेच. परदेशी कॅरियर आणि आपला लाँग डिस्टन्सवाला यांच्यातला रेट ते दोघं घासाघीस करून ठरवतात, त्यात ट्राय पडत नाही, पेपरवाले हे दोन्ही एक करून टाकतात म्हणून मुद्दाम सांगितलं. हा चार्ज २००९ ला ४० पैसे झाला, मार्च २०१५ पासून ५३ पैसे, मग फेब्रुवारी २०१८ पासून ३० पैसे. खाली आणताना कारण हेच होतं की फरक कमी केला तर चोरवाट बंद होईल. मग कंपन्या म्हणाल्या, बाहेरचे देश आपल्याकडून कितीतरी जास्त घेतात आणि आपण त्यांच्याकडून एवढंसंच, देशाचं परकीय चलन बुडतंय. तेव्हा १ मे २०२० पासून ट्रायनं एकच आकडा ठरवायचं सोडून ३५ ते ६५ पैशांचा पट्टा दिला, त्यात कंपनीनं आपला रेट ठरवायचा, पण सगळ्या लाँग डिस्टन्सवाल्यांना तोच द्यायचा, घरच्याला एक आणि बाहेरच्याला एक असं नाही.

ही शेवटची अट मला फार महत्त्वाची वाटते, नाहीतर मोठ्या कंपन्यांनी छोट्या कॅरियरना सहज मारलं असतं. पट्ट्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. देशातल्या कॉलचा टर्मिनेशन चार्ज १ जानेवारी २०२१ पासून शून्य झाला. म्हणजे तोच टॉवर, तोच फोन, तोच एक मिनिट, कॉल पुण्याहून आला तर शून्य आणि शारजाहून आला तर ६५ पैशांपर्यंत. खर्चात तसा काही फरक नाही. मोबदल्याला मोबदला हा विचार मला समजतो, ते जास्त घेतात तर आपण का सोडायचं, पण आपण वाढवलं म्हणून दुबईनं कमी केलं असं मला तरी कधी दिसलं नाही. दोन्ही बाजूंनी भरतो तो तुमचाच दादा. इथून तुम्ही लावा नाहीतर तिथून तो लावू दे, पैसे एकाच घरातले जातात.

आणि उलट, कंपन्यांना एकत्र येऊन रेट ठरवू दिला तर काय होतं ते बघायचं असेल तर पाकिस्तानचं बघा. २०१२ च्या ऑक्टोबरात तिथल्या कंपन्यांनी सरकारच्या संमतीनं एकत्र येऊन येणाऱ्या परदेशी कॉलसाठी एकच क्लिअरिंग हाउस, म्हणजे सगळे कॉल आत घेणारं एकच दार, केलं आणि रेट मिनिटाला ८.८ सेंटवर नेला, आधीच्या कितीतरी पट. अधिकृत येणारी मिनिटं धडाधड पडली, चोरवाटेनं येणारी वाढली. एफसीसीनं मार्च २०१३ मध्ये आपल्या कंपन्यांना सांगितलं की जुन्या रेटच्या वर द्यायचं नाही, आणि पुढं ते क्लिअरिंग हाउस मोडलंच. कंपन्यांना आपापसात ठरवू दिलं की स्पर्धाच होईल असं नाही, कधीकधी त्या एक होऊन ठरवतात.

इंटरनेटनं हे सगळं कालबाह्य केलंय असं कुणी म्हणेल, पण ते अर्धंच खरं आहे. सौदीनं २०१७ ला इंटरनेट कॉलवरची बंदी उठवली, दुबईत मात्र व्हॉट्सअॅपवर मेसेज जातो आणि साधा कॉल सरसकट चालत नाही, परवानगी असलेली ठरावीक अॅपच वापरावी लागतात. शिवाय गावाकडं आईवडलांकडं अजून बटणाचा फोन असतो, त्यांना नंबरच लावावा लागतो. त्यामुळं हा टर्मिनेशनचा रेट आखातात माणूस असलेल्या घरांना अजून लागू आहे.

तुम्हाला आता करता येण्यासारखं सांगतो. इथून लावताना सुटा आयएसडी रेट वापरू नका, तुमच्या कंपनीचा युएईचा पॅक बघा, त्यात मिनिटाचा दर बराच खाली येतो. शक्यतो दादानं तिथल्या परवानगीच्या अॅपवर तुमच्याशी बोलावं, तुमचा आयएसडीचा खर्चच वाचेल. आणि त्याचा कॉल इथल्या अनोळखी दहा आकडी नंबरवरून आला तर तो नंबर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर कळवा, परदेशी कॉल भारतीय नंबरवरून आल्याची तक्रार तिथं वेगळी नोंदवता येते. घाबरू नका, तक्रार दादाविरुद्ध जात नाही, ते सिम कुणाच्या मशीनमध्ये आहे ते शोधतात. तीच मशीनं बँकेच्या नावानं फसवणारे कॉल सोडायला पण वापरतात, म्हणून हे कळवायचं टाळू नका.