सांगली-साताऱ्यासारख्या ग्रामीण भागात लहान विमानतळाचा सामान्य माणसाला काय उपयोग?

कोल्हापूर आणि पुणे येथे विमानतळ असताना आमच्या भागात आणखी एक कशाला हवा, आणि त्याचे तिकीट शेतकऱ्याला परवडेल का, असे आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी ठामपणे देते: हवा. निदान आज जी धावपट्टी आहे ती तरी कोणत्याही परिस्थितीत राखलीच पाहिजे.

कराडजवळ वारुंजी येथील धावपट्टी सार्वजनिक बांधकाम विभागाने 1955 मध्ये कोयना धरणाच्या कामासाठी बांधली. पुढे माझे वडील त्याच विभागात मजूर म्हणून लागले आणि नोकरीचा बराचसा काळ त्यांनी या धावपट्टीची राखण करण्यात घालवला. विमान येणार असल्याचा निरोप आला की नगरपालिकेचा बंब, रुग्णवाहिका आणि पोलीस बंदोबस्त यांची धावपळ सुरू होई; परंतु वडिलांचे काम त्याच्या पुष्कळ आधी, भल्या पहाटे सुरू झालेले असे. आजूबाजूच्या वस्तीवरची गुरे बाहेर काढून ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाकून चालत आणि सुटलेली खडी धोतराच्या ओच्यात गोळा करत, कारण सुपारीएवढा खडा पंख्याच्या पात्यावर उडाला तरी पाते निकामी होऊ शकते. एका पावसाळ्यात वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी फाटली आणि वारंवार मागणी करूनही नवी मिळेना, तेव्हा आईने भगव्या आणि पांढऱ्या कापडाचे पट्टे जोडून ती घरच्या शिलाई यंत्रावर शिवली. तोंडाकडे रुंद आणि शेपटाकडे निमुळती अशी ती पिशवी बेतताना वडील शेजारी बसून दर वेळी घेर मोजत होते, हे मला आजही लख्ख आठवते.

माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नानंतर पहिल्याच दिवाळीला आमचे दाजी भर पंगतीत म्हणाले, "मामांनी जन्मभर पुढाऱ्यांच्या विमानांसाठी गुरे हाकली. त्या जमिनीवर कारखाना उभा राहिला असता, तर चार पोरे कामाला लागली असती." वडील काही बोलले नाहीत. दाजींविषयी मला आदर आहे. परंतु त्यांचे म्हणणे तेव्हाही चुकीचे होते आणि आजही चुकीचेच आहे.

दाजी सांगली भागातले. त्यांच्याकडे कवलापूरची जुनी धावपट्टी वर्षानुवर्षे वापराविना पडून आहे, आणि तिची जमीन औद्योगिक विकास महामंडळाकडे गेल्यापासून तिचे काय करायचे यावर वाद सुरू आहे. कोल्हापूरचा विमानतळ जवळच आहे, असे दाजी आजही सांगतात. परंतु ऑगस्ट 2019 च्या महापुरात पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि वाहतूक कित्येक दिवस बंद राहिली. कोल्हापूरचा उजळाईवाडी येथील विमानतळ नदीच्या पलीकडे, दक्षिणेला आहे. म्हणजे ज्या वेळी विमानाची खरी गरज होती, नेमकी त्याच वेळी सांगलीकरांची तिकडे जाण्याची नेहमीची वाट बंद झाली होती. 2021 मध्येही महामार्गावर पुन्हा पाणी आले. औद्योगिक वसाहतीला जागा अन्यत्र मिळू शकते. सलग, सपाट आणि भोवताली इमारती न वाढलेली एवढी लांब जमीन एकदा हातची गेली की पुन्हा मिळत नाही.

शिवाय धावपट्टी म्हणजे रोजचे प्रवासी विमान, हे समीकरणच मला मान्य नाही. रुग्णाला तातडीने मुंबईस नेणारे छोटे दोन इंजिनांचे विमान, पुराच्या काळातील मदतसामग्री आणि वैमानिकांचे प्रशिक्षण यांसाठी कराडची सुमारे 1280 मीटरची पट्टी कामी येते. सत्तर आसनांच्या विमानाला मात्र ती अपुरी पडते, विशेषतः उन्हाळ्यात. हवा तापून विरळ झाली की विमानाला उड्डाणासाठी जास्त अंतर धावावे लागते. कोल्हापूरची धावपट्टी 1370 मीटरवरून 1930 मीटर करावी लागली, ती मोठ्या विमानांची सोय व्हावी म्हणूनच.

कराडच्या धावपट्टीच्या विस्ताराला वारुंजी, मुंढे, केसे परिसरातील शेतकऱ्यांनी केलेला विरोध मात्र मला रास्त वाटतो. पाण्याची सोय असलेली उसाची जमीन देऊन कोणी भूमिहीन होऊ नये. आहे ती पट्टी नीट ठेवा आणि बागायतीला हात लावू नका, असे माझे मत आहे. या मतामुळे मी दोन्ही बाजूंच्या लोकांना अप्रिय झाले आहे.

तिकिटाविषयी थोडक्यात सांगते. केंद्राच्या 'उडान' योजनेत साधारण तासाभराच्या प्रवासाचे भाडे सुरुवातीला 2,500 रुपयांपर्यंत मर्यादित होते. परंतु ही सवलत विमानातील ठरावीक आसनांनाच असते, कंपनीला मिळणारे अनुदान साधारण तीन वर्षांचे असते, आणि अनुदान संपल्यावर देशातील अनेक मार्ग बंद पडले आहेत. विटा-खानापूर भागातील गलाई व्यावसायिक, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करणारे, देशभर पसरलेले आहेत आणि सणावाराला गावी येतात, त्यामुळे प्रवासी मिळतील असा माझा अंदाज आहे. तो अंदाजच समजावा.

आपण कवलापूरच्या आसपास राहत असाल, तर ग्रामसभेत विमानसेवेची मागणी करण्याआधी त्या जमिनीच्या सातबाऱ्याचा उतारा काढून घ्या, ती विमानतळासाठीच राखून ठेवावी असा ठराव लेखी मंजूर करून घ्या, आणि जमले तर आमच्या दाजींनाही त्या सभेला बोलवा.