कुंपणावरचं काळं-लाल फुलपाखरू: कॉमन रोझ की कॉमन मॉर्मन?

घाणेरीच्या कुंपणावर येणारं काळं, शेपटीवालं फुलपाखरू, मागच्या पंखांवर पांढरे डाग आणि कडेला लाल चंद्रकोरी; पुस्तकात या वर्णनाची दोन सापडली, आता ओळखायचं कसं, असं तुम्ही विचारलंय.

पंखांकडे बघूच नका, अंग बघा. कॉमन रोझचं डोकं, छातीच्या बाजू आणि पोट लालभडक असतं. कॉमन मॉर्मनच्या मादीचं अंग काळंच, त्यात लाल रंगाचा मागमूस नसतो. रोझची पाठ वरून काळपट दिसते, म्हणून फोटो शक्यतो बाजूने घ्या.

पंख इतके सारखे असण्यामागे भक्कम कारण आहे. रोझच्या अळ्या ईश्वरीच्या (सापसंदाच्या) वेलीवर वाढतात आणि वेलीतलं विष अंगात साठवतात. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही. मॉर्मनच्या अळ्या वाढतात लिंबू, कढीपत्ता, बेल यांवर. त्यांच्या अंगात असं विष नाही. मादी नुसत्या रंगावर जीव वाचवते! आणि तीही प्रत्येक नाही. काही माद्या नरासारख्याच दिसतात, म्हणजे काळ्या, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. काही क्रिमझन रोझ या दुसऱ्या विषारी फुलपाखराची नक्कल करतात. नर मात्र कधीच सोंग घेत नाही. ही सगळी रूपं ‘डबलसेक्स’ नावाच्या एकाच जनुकामुळे ठरतात, हे 2014 मध्ये फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. मला तर निसर्गातल्या नकलांमध्ये ही सगळ्यात देखणी वाटते.

उडण्यातही फरक कळतो. रोझ निवांत, संथ उडतं, त्याला घाई नसते. मॉर्मनची मादीही एरवी तशीच तरंगते, पण दचकली की सोंग विसरून सुसाट सुटते.

अंग दिसलंच नाही, तर ती अंडी कुठे घालते यावर नजर ठेवा. कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर पोट वाकवून एकेक पिवळसर अंडं ठेवत असेल तर ती मॉर्मनच. पुढे त्याच पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी अळी दिसेल, मोठी झाली की हिरवी होईल. तिला डिवचलंत तर डोक्यामागून लाल, उग्र वासाची दुभंगलेली शिंगं बाहेर काढेल. कृपया फवारणी करू नका, थोडी पानं गेल्याने झाड मरत नाही.

रोझ हवं असेल तर कुंपणावर ईश्वरीची वेल चढवा. औषधी म्हणून ती पोटात मात्र घेऊ नका, तिच्यातलं विष आपल्या मूत्रपिंडांनाही घातक आहे.