भाजल्याचे आणि टाक्यांचे व्रण : लेझरबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या वेळी भाजल्यावर पहिली २० मिनिटं जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा, टूथपेस्ट-हळद काही लावू नका एवढंच लिहिलं होतं, पण त्यावर आलेले बहुतेक प्रश्न जखम भरल्यानंतरचे आहेत. त्यातले काही घेतोय.

"माझी मुलगी ६ वर्षांची आहे. ८ महिन्यांपूर्वी तिच्या हातावर बंबातलं कढत पाणी सांडलं. जखम भरली पण ती जागा आता लाल आणि जाड झालीय, रात्रभर खाजवते आणि रडते. सासूबाई म्हणतात वय वाढेल तसं जाईल. लेझरने डाग पूर्ण जाईल का?"

ताई, पूर्ण जाणार नाही, हे आधीच सांगतो कारण डाग पुसला जाईल असं ऐकून लोक पैसे भरतात आणि मग रडतात. पण व्रण मऊ होणं, लाली उतरणं, खाज कमी होणं, कातडी ओढल्यासारखी वाटते ते सैल होणं, हे सगळं होऊ शकतं आणि तिला रात्री झोप लागणं ही आत्ता सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

लाल व्रणात बारीक रक्तवाहिन्या खूप झालेल्या असतात. पल्स्ड डाय लेझरचा ५९५ नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं, त्या वाहिन्या तापून बंद होतात आणि आजूबाजूची कातडी बरीचशी वाचते. ठराविक रंगाचा प्रकाश ठराविकच गोष्टीला तापवतो ही कल्पना बॉस्टनच्या अँडरसन आणि पॅरिश या त्वचारोगतज्ज्ञांनी १९८३ मध्ये मांडली, आजची बरीचशी लेझर मशीन त्यावरच चालतात. जाडीसाठी मात्र फ्रॅक्शनल सीओटू लेझर लागतं. त्याचा प्रकाश १०,६०० नॅनोमीटरचा, डोळ्याला दिसत नाही, तो कातडीतलं पाणी तापवून सुईच्या टोकापेक्षा बारीक भोकं पाडतो आणि मधली कातडी तशीच ठेवतो. त्या शाबूत कातडीतून भोकं भरून येतात आणि भरताना आत घट्ट गुंता झालेलं कोलॅजन, म्हणजे कातडीला बळकटी देणारे धागे, पुन्हा जरा नीट रचलं जातं. त्याच भोकांतून स्टिरॉइडचं औषध आत सोडतात, त्याचाही उपयोग होतो. एका सिटिंगमध्ये काम होत नाही, दीड-दोन महिन्यांच्या अंतराने ३-४ तरी लागतात, आणि एवढ्या लहान मुलीला बहुतेक वेळा भूल द्यावी लागते, त्यामुळे हे भूलतज्ज्ञ असलेल्या हॉस्पिटलातच करा.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे, व्रण वर्ष-दीड वर्ष आपोआप बदलत असतो. पण पूर्वी आम्हीही वर्षभर थांबा म्हणायचो, आता तसं म्हणत नाही, खाज आणि ओढ असेल तर काही महिन्यांतच सुरू करतात. तोवर सिलिकॉन शीट दिवसाचे १२ तास तरी, डॉक्टरांनी मापाचा प्रेशर गारमेंट (व्रण दाबून ठेवणारा घट्ट कपडा) दिला असेल तर अंघोळ सोडून जवळपास २३ तास, मॉइश्चरायझरने मालिश रोज. आणि एक बघा, कोपर आणि मनगट पूर्ण सरळ होतात का? होत नसतील तर आधी प्लास्टिक सर्जनकडे जा. आखडलेला सांधा लेझरने सुटत नाही, त्याला व्रण मोकळा करून ग्राफ्ट, म्हणजे दुसरीकडची कातडी, लावावा लागू शकतो, आणि वाढत्या वयात तर उशीर अजिबात नको.

"सिझरला दोन वर्षं झाली. टाक्यांची रेघ एका टोकाला फुगून बाजूला पसरतेय. जवळच्या पार्लरमध्ये लेझर करून देतो म्हणतात. माझा रंग सावळा आहे, चालेल का?"

पार्लरमध्ये नको. मूळ कापाच्या बाहेर पसरतोय म्हणजे कीलॉइड (वाढत जाणारा जाड व्रण) असू शकतो, त्याला आधी व्रणात ट्रायामसिनोलोन या स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात, महिन्या-दीड महिन्याने एकेक, लेझर त्याच्या जोडीला. नुसतं कापून टाकलं तर तो बरेचदा आधीपेक्षा मोठा होऊन येतो.

पार्लरमधली मशीन बहुतेक केस काढायची असतात, त्यांचा प्रकाश मेलॅनिनवर, म्हणजे केसांना आणि कातडीला रंग देणाऱ्या द्रव्यावर, काम करतो आणि आपल्या कातडीत मेलॅनिन भरपूर, म्हणजे केसाला द्यायची उष्णता कातडीच खाते. मग काळे डाग पडतात, कधी फोड. चांगल्या हातातही आपल्याकडे एनर्जी कमी आणि भोकं विरळ ठेवून आधी छोट्या जागेवर टेस्ट करतात, डॉक्टर टेस्ट पॅच करतो म्हणाले तर ते टाळाटाळ करतायत असं समजू नका. नंतर ती जागा उन्हापासून झाकून ठेवायची.

"ऑनलाइन लाल दिव्याचा एलईडी मास्क मिळतो. थायरॉइडच्या ऑपरेशनची गळ्यावरची खूण त्याने जाईल का?"

हा प्रकार वेगळा आहे, यात काही जळत नाही. बुडापेस्टच्या डॉ. एन्द्रे मेस्टर यांना १९६७ च्या सुमारास दिसलं की मंद लाल लेझर दिलेल्या उंदरांचे भादरलेले केस लवकर उगवतात, तिथून हे सुरू झालं. ताजी जखम भरायला काही मदत होत असेलही, पण जुना जाड व्रण मास्कने सपाट होईल असं मी कुणाला सांगणार नाही. सिलिकॉन जेल आणि सनस्क्रीन घ्या, त्याच पैशात महिनोन्‌महिने येईल.

"वडील ६८ वर्षांचे. ३० वर्षांपूर्वी स्टोव्हच्या भडक्यात पाय भाजला होता. त्या जुन्या व्रणावर ४ महिन्यांपासून जखम आहे, भरतच नाही. लेझरने भरेल का?"

लेझर नाही, मलम नाही, बायोप्सी. याच आठवड्यात. जुन्या भाजलेल्या जागेवर वर्षानुवर्षांनी न भरणारी जखम होते तेव्हा तिथे कातडीचा कॅन्सर असू शकतो, त्याला मार्जोलिन अल्सर म्हणतात. प्रत्येक जखम तशी नसते, पण तुकडा तपासल्याशिवाय कळत नाही आणि लवकर कळलं तर तेवढा भाग काढून पाय वाचू शकतो. सर्जनकडे न्या आणि जांघेत गाठ लागते का तेही बघायला सांगा.