इंग्लंडमध्ये पहिलं घर घेताना सॉलिसिटर (खरेदीचं कायदेशीर काम बघणारा वकील) जवळचाच घ्यावा का? निवडायचा कसा?

प्रश्न: आम्ही नवरा-बायको स्लाऊला भाड्याने राहतो. रेडिंगमध्ये ३ लाख ५० हजार पौंडांचा लीजहोल्ड (ठरावीक वर्षांच्या कराराने मिळणारा) फ्लॅट जवळजवळ ठरलाय. डिपॉझिटमधला काही भाग पुण्याहून आई-बाबा देणार आहेत. इस्टेट एजंट म्हणतो, आमचाच सॉलिसिटर घ्या, काम लवकर होईल. ऑफिसातले म्हणतात, लोकलच घ्या. ऑनलाइन कंपन्या निम्म्या पैशांत करून देतो म्हणतात. काय करावं?

उत्तर:

लोकल की ऑनलाइन हा प्रश्न तिसऱ्या नंबरवर ठेवा. त्याआधी दोन गोष्टी विचारायच्या. तुमची फाइल प्रत्यक्ष कोण हाताळणार? आणि भारतातून येणारे पैसे, भारतातली मालमत्ता, ही प्रकरणं त्या माणसाने आधी हाताळली आहेत का? तुमच्यासारख्या व्यवहारात घोडं अडतं ते बहुतेक वेळा इथेच. ऑफिस किती मैलांवर आहे याने फारसा फरक पडत नाही.

एजंटचं आधी निकाली काढू. त्याने सुचवलेल्या फर्मकडून त्याला बहुधा रेफरल फी (ग्राहक पाठवल्याचं कमिशन) मिळते, आणि ती मिळत असेल तर तसं सांगणं त्याच्यावर बंधनकारक आहे. थेट विचारा, रक्कम लेखी मागा. ती शेवटी तुमच्याच बिलातून वसूल होते. फर्म वाईटच असेल असं नाही, पण तिला पुढची कामं एजंटकडून हवी असतात हे ध्यानात असू द्या. त्याचा सॉलिसिटर घेतला नाही म्हणून तुमची ऑफर विक्रेत्यापर्यंत न पोचवणं एजंटला कायद्याने चालत नाही. तसं कोणी सुचवलं तर ईमेलवर लिहून मागा, सूर लगेच बदलतो. विक्रेत्याचीच फर्म मात्र घेऊ नका. काही ठिकाणी दोन्ही बाजूंना एकाच छताखाली वेगवेगळी माणसं देतात, पण वाद झाला की फर्मला हात वर करावे लागतात आणि तुम्ही ऐन वेळी नव्या माणसाच्या शोधात.

सॉलिसिटरच हवा असंही नाही. लायसन्स्ड कन्व्हेयन्सर मुख्यतः घर-मालमत्तेच्या व्यवहारांचं काम करतात आणि साध्या खरेदीला पूर्ण चालतात. सॉलिसिटर फर्मवर एसआरए या संस्थेचं नियंत्रण असतं, कन्व्हेयन्सरवर सीएलसी या संस्थेचं. दोघांचेही रजिस्टर ऑनलाइन फुकट बघता येतात. फर्मचा नंबर टाका, पत्ता जुळतो का पाहा, शिस्तभंगाची नोंद आहे का पाहा. लॉ सोसायटी या सॉलिसिटरांच्या संघटनेचा सीक्यूएस (घरखरेदीच्या कामाच्या दर्जाचा) शिक्का असला तर चांगलंच. पण सगळ्यात आधी बघायचं ते तुमच्या लेंडरचं, म्हणजे कर्ज देणाऱ्या बँकेचं पॅनल: तिने मान्य केलेल्या फर्मांची यादी. फर्म त्या लेंडरच्या पॅनलवर नसेल तर लेंडरसाठी दुसरा वकील येतो, त्याचा खर्च तुमच्या माथी आणि वेळही वाढतो. पॅनलवर आहे हे फर्मच्या तोंडून ऐकून थांबू नका, मॉर्गेज ब्रोकरकडून खात्री करून घ्या.

आता फोन करायचा. विक्री विभागातल्या गोड आवाजाशी बोलून कोट (खर्चाचा अंदाज) घ्यायचा नाही. ज्याच्या टेबलावर फाइल जाणार त्याच्याशी पाच मिनिटं मागा. ती व्यक्ती सॉलिसिटर आहे, कन्व्हेयन्सर आहे, लीगल एक्झिक्युटिव्ह आहे की पॅरालीगल (वकिलाचा मदतनीस)? पॅरालीगल असेल तर वर देखरेख कोणाची? सध्या हातात किती फाइली आहेत? सुट्टीवर गेली तर कोण बघणार? ईमेलला किती दिवसांत उत्तर? फाइलींचा आकडा शंभराच्या पुढे गेला तर मी तरी दुसरीकडे बघेन. स्वस्त ऑनलाइन फर्मांचं गणित इथेच असतं: एका माणसावर खूप फाइली, पोर्टलवर संदेश टाकायचा आणि दर वेळी वेगळाच माणूस उत्तर देणार. साध्या फ्रीहोल्ड (जमिनीसकट मालकीच्या) घराला हे निभतं. लीजहोल्डला विक्रेत्याचा वकील, फ्रीहोल्डर (जमिनीचा मालक), मॅनेजिंग एजंट (इमारतीची देखभाल बघणारा) आणि लेंडर अशा चौघांच्या मागे लागणारं एकच माणूस लागतं.

मग लोकलचा फायदा काय? पहिलं म्हणजे, लोकल कुणाच्या जवळचा? तुमच्या स्लाऊच्या घराजवळचा असण्याचा उपयोग इतकाच की कागद हातात देता येतात आणि समोर बसून विचारता येतं. ओळख तपासणी आता ॲपवर होते. मॉर्गेज डीड आणि टीआर१ (मालकी हस्तांतराचा फॉर्म) वर सही करताना साक्षीदार प्रत्यक्ष समोर हवा, पण तो शेजारी किंवा ऑफिसातला चालतो. नवरा-बायको एकमेकांचे साक्षीदार होऊ नका. कौन्सिलचे, पाण्याचे, पर्यावरणाचे सर्च (जागेबद्दलच्या नोंदींची तपासणी) देशातल्या कुठल्याही फर्मला मागवता येतात.

फ्लॅटजवळचा लोकल असण्याला मात्र कधीकधी खरी किंमत असते. रेडिंगमध्ये थेम्स आणि केनेट नद्यांच्या पुराचा धोका आहे, आणि काही भागांत जमिनीखाली चॉकच्या (खडूच्या दगडाच्या) जुन्या खाणी आहेत. वकिलांचा नेहमीचा खाणींचा सर्च कोळशाचा असतो, त्यात चॉक येत नाही. हे पर्यावरण अहवालातल्या जमिनीच्या स्थैर्याच्या भागात किंवा वेगळ्या अहवालात बघावं लागतं. तिथल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. कुठला मॅनेजिंग एजंट इमारतीच्या माहितीचा पॅक द्यायला महिना लावतो, हेही त्यालाच ठाऊक असतं. नव्या टॉवरमधला फ्लॅट असेल तर या माहितीचं वजन कमी. जुन्या घराचे भाग पाडून केलेले फ्लॅट असतील तर मी रेडिंगचीच फर्म शोधेन.

आता पुण्याच्या पैशांकडे. मनी लाँडरिंगच्या नियमांमुळे वकिलाला पैसा कुठून आला आणि मुळात कसा जमला, दोन्ही बघावं लागतं. आई-बाबांची सही केलेली गिफ्ट लेटर लागते: ही भेट आहे, परत मागणार नाही, घरात हिस्सा सांगणार नाही. सोबत त्यांचा पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा आणि सहसा सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट. त्या स्टेटमेंटमध्ये एकदम २० लाख जमा दिसले की पुढचा प्रश्न आलाच. एफडी मोडली असेल तर पावती आणि ती कशातून केली ते. पीएफ, ग्रॅच्युइटी असेल तर कंपनीचं पत्र. सोनं मोडलं असेल तर सराफाचं बिल, आणि पैसे बँकेतूनच आलेले बरे. फ्लॅट विकला असेल तर नोंदणीकृत करार आणि इंडेक्स टू. इंडेक्स टू मराठीत असतो, त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर आधीच करून ठेवा. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीमखाली आर्थिक वर्षाला २ लाख ५० हजार डॉलरपर्यंत पाठवता येतात, माणशी. म्हणजे मर्यादा सहसा आड येत नाही, कागद येतात.

म्हणून फर्मला विचारा: परदेशातली भेट स्वीकारता का? त्याचे जादा पैसे किती? रक्कम थेट पुण्याच्या खात्यातून तुमच्या क्लायंट अकाउंटला (फर्मच्या, ग्राहकांचे पैसे ठेवायच्या खात्याला) चालते, की आधी आमच्या इथल्या खात्यात यावी? काही फर्म परदेशातून थेट आलेले पैसे उलट पाठवतात. एक्स्चेंजच्या (दोन्ही बाजूंचा करार कायद्याने पक्का होतो त्या) आठवड्यात हे कळलं तर पंचाईत. आणि भेट असल्याचं ब्रोकरलाही आधीच सांगा, कारण वकील ते लेंडरला कळवणारच.

सगळ्यात महाग चूक स्टॅम्प ड्युटीत होते, आणि आपल्या लोकांकडून हमखास होते. १ एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी तुमच्या फ्लॅटचा हिशेब असा. दोघंही पहिल्यांदाच घर घेणारे असाल तर ३ लाखांपर्यंत शून्य, वरच्या ५० हजारांवर ५ टक्के, म्हणजे २,५०० पौंड. ती सवलत गेली तर ७,५००. आणि आधीचं घर नावावर असल्याचा ५ टक्के अधिभार लागला तर थेट २५,०००. मेख अशी की ‘आधीचं घर’ जगात कुठलंही धरतात. हिंजवडीचा फ्लॅट तुमच्या नावावर असेल, तर तुम्ही इथे पहिल्यांदा घेणारे नाही. लग्नाच्या जोडीदाराच्या नावावरचं घरही अधिभारासाठी मोजतात, मग तो इथल्या खरेदीत नसला तरी.

गावच्या घराचं काय? वारसाने आलेला हिस्साही पहिल्या घराची सवलत घालवतो. अधिभारासाठी मात्र ४० हजार पौंडांपेक्षा कमी किमतीचा हिस्सा सोडून देतात, आणि वारसाने मिळालेला ५० टक्के किंवा त्याहून कमी हिस्सा पहिली तीन वर्षं धरत नाहीत. भारतातलं राहतं घर गेल्या तीन वर्षांत विकलं असेल तर वेगळा हिशेब होऊ शकतो. नुसती मोकळी शेतजमीन म्हणजे घर नव्हे. सोसायटीत नुसतं नॉमिनी असणं म्हणजे मालक असणं नव्हे, पण करारात वडिलांबरोबर तुमचंही नाव असेल तर सहसा तुम्हाला सहमालक धरतात, पैसे कोणी का भरले असेनात. म्हणून फर्म नेमण्याआधी घरी फोन करून विचारा की कुठल्या करारात, वारस नोंदीत, गावच्या नमुना ८ वर आपलं नाव आहे का. लाइफटाइम आयसा (सरकारी बोनस मिळणारं बचत खातं) असेल तर तिथेही हाच जगभराचा नियम, आणि तो पैसा वकिलाकडूनच मागवावा लागतो.

गेल्या बारा महिन्यांत तुम्ही १८३ दिवस यूकेत नसाल तर स्टॅम्प ड्युटी आणखी २ टक्के, तुमच्या बाबतीत ७,००० पौंड. कित्येक फर्मच्या नेमणूक पत्रात बारीक अक्षरांत ‘आम्ही करसल्ला देत नाही’ असं असतं. मग ते कॅल्क्युलेटरमध्ये तुमची उत्तरं टाकतात आणि रिटर्नवरची जबाबदारी तुमची. तुमच्याकडे भारतात काही असेल तर हे काम करणारी फर्म घ्या, नाहीतर कर सल्लागार वेगळा गाठा. रिटर्न आणि भरणा कम्प्लीशननंतर (व्यवहार पुरा होऊन घर ताब्यात आल्यावर) १४ दिवसांत.

कोट वाचताना फक्त खालचा आकडा बघू नका. कामाची फी, त्यावर २० टक्के व्हॅट, आणि बाहेरचे खर्च अशा तीन गोष्टी वेगळ्या काढा. ४०० पौंडांचं आकर्षक कोट लीजहोल्डचे जादा, मॉर्गेजचे जादा, गिफ्टचे, आयसाचे, बँक ट्रान्सफरचे, स्टॅम्प ड्युटी फॉर्म भरण्याचे असं करत लोकल फर्मच्या पुढे निघून जातं. ‘व्यवहार मोडला तर फी नाही’ म्हणतात त्यात सर्चचे पैसे धरलेले नसतात. सगळ्यांना एकच ईमेल पाठवा: किंमत, लीजहोल्ड, मॉर्गेज, भारतातली भेट, दोन खरेदीदार, आणि याचं सगळं धरून लेखी कोट द्या.

लीजहोल्डमध्ये चांगला वकील काय शोधतो ते माहीत असलं तर बोलताना पारख होते. लीजची किती वर्षं उरली? ८० च्या खाली गेली की मुदत वाढवणं बरंच महाग होतं. ग्राउंड रेंट (फ्रीहोल्डरला द्यायचं जमिनीचं भाडं) किती आणि दर किती वर्षांनी वाढतो? सर्व्हिस चार्जचे मागचे तीन वर्षांचे हिशेब, राखीव निधी, येऊ घातलेली मोठी कामं. इमारत उंच असेल तर क्लॅडिंगचा (बाहेरच्या आवरणाच्या आगीच्या धोक्याचा) ईडब्ल्यूएस१ फॉर्म आणि बिल्डिंग सेफ्टी ॲक्टखालचं लीजहोल्डरचं सर्टिफिकेट. ही माहिती एलपीई१ फॉर्मच्या पॅकमधून येते, तो विक्रेत्याने मॅनेजिंग एजंटकडून विकत घ्यायचा असतो, आणि उशीर सहसा तिथेच होतो. तुमची ऑफर स्वीकारतानाच ‘पॅक मागवलाय का’ विचारा. 

वकील फ्लॅट कधीच बघत नाही हे बऱ्याच जणांना उशिरा कळतं. त्याच्यासमोर फक्त नकाशा असतो. तो नकाशा तुम्हाला पाठवायला लावा आणि हातात घेऊन जागेवर जा. लाल रेघेच्या आत तुमचा फ्लॅट, पार्किंग बहुधा वेगळ्या रंगात. जमिनीवर रंगवलेला पार्किंगचा नंबर आणि लीजमधला नंबर एक आहे का? गॅलरी रेघेच्या आत आहे का? सायकल शेड, तळघरातली खोली एजंटने दाखवली पण नकाशात नाही, असं होतं. एक्स्चेंजआधी हे सांगितलं तर विक्रेत्याला विचारता येतं. एक्स्चेंज झालं, सहसा १० टक्के डिपॉझिट गेलं, की मागे फिरणं म्हणजे ते पैसे सोडणं.

ते डिपॉझिट पाठवताना खात्याचा नंबर पहिल्या भेटीत किंवा नेमणूक पत्रातून मिळालेलाच वापरा. ‘आमचं खातं बदललंय’ असा ईमेल आला तर तो वकिलाचा नाही असंच धरा, आणि ईमेलमधल्या नव्हे तर रजिस्टरवरच्या नंबरला फोन करा. आधी १ पौंड पाठवून पोचल्याची खात्री करा.

हे सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं, फक्त स्टॅम्प ड्युटीचा हिशेब वेल्सला लागू नाही, तिथला कर वेगळा. स्कॉटलंडची पद्धतच वेगळी. मध्येच फर्म बदलता येते, पण झालेल्या कामाचे पैसे द्यावे लागतात आणि काही आठवडे जातात. त्याआधी फर्मच्या तक्रार विभागाला लेखी लिहा. आठ आठवड्यांत तोडगा निघाला नाही तर लीगल ओम्बड्समनकडे जाता येतं, त्याची ग्राहकाला फी नाही.