वहीत नोंद केली म्हणजे खबर दिली असं होत नाही

मराठवाड्यातल्या एका अनुदानित शाळेच्या मुख्याध्यापिकांचं पत्र आहे. थोडक्यात असं: मुलींना फसवून नेणं, विकणं या विषयावर एका संस्थेने शाळेत नववी-दहावीसाठी सत्र घेतलं. दुसऱ्या दिवशी नववीतल्या एका मुलीने वर्गशिक्षिकेला सांगितलं, की पुण्याची एक ‘मावशी’ घरी येते, पार्लरमध्ये कामाला लावते म्हणते, वडिलांनी तिच्याकडून 20 हजारांची उचल घेतली आहे आणि दिवाळीच्या सुट्टीत तिला व शेजारच्या एका मुलीला न्यायचं ठरलं आहे. शिक्षिकेने वहीत लिहून घेतलं. मुख्याध्यापिकांनी वडिलांना बोलावून समज दिली. 11 दिवसांनी शाळेतल्या मुलांच्या सुरक्षेसाठी असलेल्या सखी सावित्री समितीची बैठक झाली आणि ‘लक्ष ठेवावे’ असा ठराव झाला. शाळा चालवणाऱ्या संस्थेचे सचिव म्हणतात, पोलिसांत गेलात तर शाळेचं नाव जाईल, आणि खोटं निघालं तर तुम्हीच अडकाल. काही पालकांना तर असली सत्रंच नको आहेत.

बाई, उत्तर प्रसिद्ध होईपर्यंत थांबण्यासारखं हे प्रकरण नव्हतं, म्हणून पत्र वाचलं त्याच संध्याकाळी फोन केला. तुम्ही आणि वर्गशिक्षिका पोलीस ठाण्यात जाऊन आलात हे बरं झालं. तरी इथे लिहितो आहे, कारण अशी पत्रं मला वरचेवर येतात. तालुका बदलतो, मावशीच्या जागी आत्या येते, पार्लरच्या जागी घरकाम किंवा लग्न. मधली वाया गेलेल्या दिवसांची रांग मात्र तीच असते.

मुलींची विक्री हा गुन्हा आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. सगळं अडतं ते मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 च्या पहिल्या पोटकलमावर. गुन्हा घडल्याचं माहीत असेल तर कळवा, एवढंच ते म्हणत नाही. गुन्हा घडेल अशी धास्ती वाटत असेल तरीही कळवा, असं म्हणतं. कोणाला? स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला. कोणी? ‘कोणत्याही व्यक्तीने’. मुख्याध्यापिकेला सांगितलं म्हणजे वर्गशिक्षिका सुटली आणि समितीपुढे ठेवलं म्हणजे मुख्याध्यापिका सुटली, अशी उतरंड त्या कलमात कुठेही नाही. समिती शासन निर्णयाने, 2022 च्या मार्चमध्ये, आली. ती चांगली आहे, ती असावी. पण शासन निर्णयाने नेमलेली समिती संसदेने घातलेली जबाबदारी आपल्या डोक्यावर घेऊ शकत नाही. आणि शाळेला 24 तास मिळतात हा जो समज सर्वत्र आहे, तो कुठून आला ते मला कळतं. कलम 19 मध्ये 24 तास आहेत, पण ते पोलिसांसाठी: मिळालेली खबर बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायला. शाळेला तास-दिवस मोजून दिलेलेच नाहीत. मुलगी बोलली, की वेळ सुरू झाली.

इथे एखादा हुशार वकील तुम्हाला म्हणेल, की पोक्सो लैंगिक गुन्ह्यांचा कायदा आहे, अजून काही घडलेलंच नाही, मावशीने फक्त पैसे दिले. त्याला कलम 16 चं तिसरं स्पष्टीकरण वाचायला सांगा. या कायद्याखालच्या गुन्ह्यासाठी फसवून, किंवा मुलावर ताबा असलेल्या माणसाची संमती पैसे देऊन मिळवून, मुलाला कामावर ठेवणं, लपवणं, ताब्यात घेणं, ने-आण करणं, हे सगळं तिथे गुन्ह्याला साहाय्य धरलं आहे. आपल्या भागात उचल हा शब्द इतका रुळला आहे की तो ऐकून कोणी दचकत नाही. मुकादम ऊसतोडीच्या जोडीला उचल देतो, टोळी कारखान्यावर जाते, हे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. पण नववीतल्या मुलीवर, परक्या बाईकडून, ‘पार्लर’च्या नावाने घेतलेली उचल ऐकून शिक्षिकेला धास्ती वाटू नये, असं कोणतं न्यायालय म्हणेल? वाटली होतीच. म्हणून तर वहीत लिहिलं. शिवाय भारतीय न्याय संहितेचं माणसांच्या तस्करीबद्दलचं कलम 143 आहेच. मूल असेल तर किमान 10 वर्षं कैद, एकाहून जास्त मुलं असतील तर किमान 14. तुमच्या पत्रात मुली दोन आहेत.

आता जिथे मी ठाम बोलणार नाही ते. कळवलं नाही तर शिक्षा कलम 21 मध्ये आहे, 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. पण त्या कलमाची भाषा ‘घडलेला’ गुन्हा न कळवण्याची आहे. धास्ती न कळवण्याला ती लागू पडते का, यावर वाद घालता येईल, आणि बचावाचा वकील तो घालेलच. या वादाच्या भरवशावर झोपू नका. मुलगी नेली गेली तर त्या दिवशी गुन्हा घडलेला असतो, आणि तुम्हाला 11 दिवस आधी माहीत होतं हे सांगणारी वही तुमच्याच कपाटात असते. संस्थाप्रमुखांना 1 वर्षापर्यंतची शिक्षा सांगणारं पोटकलम हाताखालच्या माणसाने केलेल्या गुन्ह्याबद्दल आहे. ते तुम्हाला इथे लागू होईल असं मला वाटत नाही.

न कळवल्याचा गुन्हा किरकोळ समजणाऱ्यांसाठी चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याचं प्रकरण. वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवर अत्याचार झाले. त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांनी कळवलं नाही असा आरोप होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने डॉक्टरांविरुद्धची कारवाई रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने 2 नोव्हेंबर 2022 रोजी ती पुन्हा उभी केली आणि तातडीने खबर देणं हे या कायद्यात किती महत्त्वाचं आहे ते बजावलं. प्रकरण 2019 चं. म्हणजे खटला चालवायचा की नाही, एवढं ठरायला तीन वर्षं. कायद्यात मात्र लिहिलं आहे, की शक्यतो वर्षात निकाल लागावा. ‘शक्यतो’ हा शब्द आमच्या न्यायालयांइतका कोणीच मनावर घेत नाही. बदलापूरलाही 2024 मध्ये शाळेतल्या मुलींवरच्या अत्याचाराच्या प्रकरणात शाळेच्या चालकांवर न कळवल्याचा गुन्हा नोंदला गेला. 

सचिवांच्या भीतीबद्दल. खोटी खबर दिल्याची शिक्षा कलम 22 मध्ये आहे, पण ती केवळ अपमान, खंडणी, धमकी किंवा बदनामी याच हेतूने दिलेल्या खोट्या माहितीसाठी. सद्‌भावनेने दिलेल्या खबरेबद्दल दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, हे कलम 19 च्या सातव्या पोटकलमात आहे. ते एका कागदावर लिहून सचिवांच्या टेबलावर ठेवा. खात्री करणं हे पोलिसांचं काम. तुम्ही ते करायला गेलात, आणि इथे मला तुमच्यावर रागच आला. वडिलांना बोलावून समज दिलीत म्हणजे काय केलंत? ज्याने उचल घेतली त्यालाच सांगितलंत, की मुलगी बोलली आहे. घरी तिचं काय झालं असेल याचा विचार कोणी केला नाही. दुसरी मुलगी चार दिवस शाळेत नाही, हे तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलंत.

आणि सचिवांनी ‘बैठकीचं इतिवृत्त मागच्या तारखेचं करून घ्या’ असं सुचवलं म्हणता. करू नका. उशीर समजावून सांगता येतो, खोटा कागद समजावता येत नाही. तो स्वतंत्र गुन्हा होतो. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका शिक्षकाने मुलीच्या नावासकट ‘सावध राहा’ असा मेसेज टाकला, तोही आज काढायला लावा आणि तो टाकला होता हे पोलिसांना आपणहून सांगा. बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 खाली अशा मुलीची ओळख उघड करता येत नाही.

ठाण्यात गेलात, पण ‘साहेबांनी ऐकून घेतलं’ यावर परत आलात. परत जा. कलम 19 प्रमाणे खबरेला नोंद क्रमांक देऊन ती लिहून घ्यायची, वाचून दाखवायची आणि पथकाच्या वहीत चढवायची असते. क्रमांक मागा. टाळाटाळ झाली तर कलम 143 चा उल्लेख लेखी करा, कारण त्या कलमाखालची खबर न नोंदवणाऱ्या लोकसेवकाला न्याय संहितेचं कलम 199 सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगतं. मी पाहिलंय, हे कलम नुसतं लिहिलं तरी पेन चालू लागतं. सोबत 1098 या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करा, बाल कल्याण समितीलाही अर्ज द्या. समिती मुलीला घरी ठेवेल की बालगृहात, ते मी सांगू शकत नाही. घरी कोण कोण आहे यावर ते ठरेल.

सत्रं बंद करायची का? नाही. पोक्सोच्या 2020 च्या नियमांतला नियम 3 मुलांना वयानुरूप असं शिक्षण द्यायचं साहित्य सरकारने तयार करावं, असंच सांगतो. त्यासाठी प्रत्येक पालकाची सही लागते असं मला त्यात दिसलं नाही. सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही लैंगिक शिक्षणाविषयीचे गैरसमज सोडा, असं सुनावलं. पालकांना बोलवा, साहित्य दाखवा, चिडलेल्यांशी वाद घालू नका. तुमच्या सत्राने जे करायचं ते केलं: मुलगी बोलली. पण सत्र ठरवतानाच, मुलगी बोलली तर ठाण्यात कोण जाणार, रिक्षा कोणाची, हे लिहून ठेवलं नसेल तर मुलांना बोलतं करून आपण त्यांना उघड्यावर सोडतो. पुढच्या वेळी संस्थेच्या माणसाला फळ्यासमोर उभं करण्याआधी तो कागद करा.

राहिली दुसरी मुलगी. तिच्या वयाचा पुरावा तुमच्या जनरल रजिस्टरमध्ये आहे. वय ठरवताना जन्मतारखेचा शाळेचा दाखला कायदा आधी पाहतो, म्हणून त्याची प्रमाणित प्रत तपास अधिकाऱ्याला द्या. मागच्या आठवड्यात तिचा शाळा सोडल्याचा दाखला ‘मामा’ घेऊन गेला आणि कोणत्या शाळेत घालणार हे कारकुनाने विचारलंही नाही, म्हणता. त्या अर्जावर मामाची सही असेल, बहुधा मोबाइल नंबरही. तो अर्ज फायलीतून काढा आणि आजच ठाण्यात पोहोचवा.