वेळापत्रक नेमकं कुणासाठी?

घरीच शिकवणाऱ्या पालकांचं नवं वर्ष जवळ आलं की माझ्याकडे तीच काळजी वेगवेगळ्या तोंडून येते: "मॅडम, यंदा तरी सगळं पूर्ण होईल ना? मी पुरी पडेन ना?" विचारणारी बहुतेकदा आई असते आणि तिच्या हातात बहुतेकदा एक वेळापत्रक असतं.

अशाच एका आईची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलगा नऊ वर्षांचा, घरी शिकण्याचं दुसरं वर्ष सुरू व्हायचं होतं. तिने आणलेला कागद रंगीत छापलेला होता. अर्ध्या-अर्ध्या तासाचे चौकोन, प्रत्येक विषयाला वेगळा रंग. एका चौकोनात 'मुक्त खेळ, ४ ते ४.३०' असंही होतं. हे सगळं रात्री जागून केलेलं. झोप उडालेली, दिवसभर चिडचिड.

"मेहनत दिसतेय," मी म्हणाले. "त्याने पाहिलं का हे?"

"नाही अजून."

"मग कुणी पाहिलंय?"

ती जरा घुटमळली. "मोठ्या जाऊबाईंना फोटो पाठवला. त्यांना वाटतं, घरी बसवून मी मुलाचं नुकसान करतेय."

मी मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲडलरच्या विचारात तयार झालेली समुपदेशक आहे. माणूस काय करतो यापेक्षा कशासाठी करतो, हे मी आधी पाहते. त्या कागदाचा हेतू मला तिथे दिसला. तो मुलाच्या अभ्यासाचा आराखडा कमी आणि जाऊबाईंना दिलेलं उत्तर जास्त होता. टीकेची भीती जितकी मोठी, तितके चौकोन भरगच्च होतात, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे.

शिवाय असा कागद पाळला जाणं अवघडच. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत संपेल, असं विचारलं होतं. सरासरी अंदाज आला ३४ दिवसांचा, प्रत्यक्षात लागले ५५. सगळंच बिनसलं तर किती लागतील, हेही विचारलं होतं. तो अंदाजसुद्धा ४९ दिवसांच्या आसपासच थांबला. आपल्याच कामाबद्दल आपण इतके आशावादी असतो, तर दुसऱ्याच्या डोक्यात काही शिरायला किती वेळ लागेल, हे उन्हाळ्यातच कसं ठरवणार?

पुढच्या भेटीला मी तिला नवं काहीच आणू नका म्हटलं. मागच्या वर्षीच्या वह्या आणि मुलगा, एवढंच. तो आला, खुर्चीत पाय वर घेऊन बसला. मी त्याला वह्या चाळायला दिल्या आणि जिथे मजा आली ती पानं दाखवायला सांगितलं. दोन-तीन पानं त्याने झटकन काढली. मग गणिताच्या वहीत एका पानावर थांबला. अपूर्णांकांची बेरीज, शेवटची दोन गणितं आईच्या अक्षरात.

"इथे काय झालं?"

"मला कळलं नव्हतं," तो म्हणाला. "पण आई पुढे गेली. त्या आठवड्यात भूमिती होती."

आईचा चेहरा पडला. मी घाईने काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने गप्प राहता आलं पाहिजे, आणि ते मला आता जमतं. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "शाळेतून आम्ही याला काढलं ते याचसाठी. वर्ग पुढे जायचा आणि हा मागे राहायचा. मी घरात तेच केलं."

एवढं तिने स्वतः पाहिलं आणि पुढचं काम सोपं झालं. कारण आता दोष काढायचा नव्हता, फक्त क्रम बदलायचा होता. वर्षाची तयारी मागच्या वर्षापासून सुरू करायची, आणि ती मुलाला शेजारी बसवून.

म्हणून मी पालकांना सांगते, नवी पुस्तकं घेण्याआधी जुन्या वह्या काढा. काय जमलं, कुठे अडलं, हे मुलाच्या तोंडून ऐका. अडलेल्या दोन-तीन गोष्टी आणि त्याच्या आवडीची एक, एवढ्यावर पहिले काही आठवडे ठरवा. पूर्ण वर्ष नको. मधे एखादा आठवडा मुद्दाम कोरा ठेवा. आजारपण, पाहुणे आणि राहून गेलेले धडे तिथे मावतात. शाळेइतके तास घरी बसवायची गरज नसते, कारण हजेरी, शांत बसवणं, इतरांची वाट पाहणं यांत शाळेचा बराच वेळ जातो. समोरासमोर एकाच मुलाला शिकवताना तो वाचतो. आणि शिकवलेलं काही दिवसांच्या अंतराने पुन्हा काढा. विसरणं सुरुवातीला वेगाने होतं, हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ सालीच मोजून दाखवलं आहे. महिन्याने मुलाला आठवलं नाही, तर तो आळस नव्हे.

नोंदी ठेवाच, पण दिवस संपल्यावर दोन ओळी: आज प्रत्यक्षात काय झालं. आपल्याकडे तपासणी किंवा परीक्षेचे नियम असतील, तर या ओळी तिथेही उपयोगी पडतात.

या आईने रंगीत कागद बाजूला ठेवला. पहिले तीन आठवडे गणितात कागदाच्या पट्ट्या कापून फक्त अपूर्णांक चालले. आठवड्यातल्या दोन दुपारी बाबांनी घेतल्या. हे आम्ही तिघांना एकत्र बसवून ठरवलं, कारण "जमेल तेव्हा मदत करीन" याला मी मदत मानत नाही. जाऊबाईंनी पुन्हा विचारलं तेव्हा तिने सांगितलं, "सध्या अपूर्णांक पक्के करतोय, भूमिती नंतर." फोटो पाठवला नाही.

आणि तयारीच्या दिवसांत झोप रोजच उडत असेल, मुलावर रोज आवाज चढत असेल, तर नियोजन तिथेच थांबवा. आधी स्वतःसाठी कुणाशी तरी बोला. वर्ष दोन आठवडे उशिरा सुरू झालं तर चालतं.